सर्व बाबी समाधानकारक

"तपासणी केली. सर्व बाबी समाधानकारक आढळल्या." सरकारी नोकरीत हे वाक्य आपण किती वेळा लिहिले याचा हिशेब कोणी ठेवत नाही. मीही ठेवला नाही. पण त्यातले एक मला चांगलेच आठवते, कारण ते मागे घेऊन पुन्हा लिहिण्याची पाळी माझ्यावर आली होती. ते एका वराहपालन केंद्राबद्दल होते.

२०१३ साली मी आसाममध्ये, ब्रह्मपुत्रेच्या उत्तर तीरावरील एका जिल्ह्यात उपायुक्त होतो. आपण ज्याला जिल्हाधिकारी म्हणतो त्याला तिकडे तेव्हा उपायुक्त म्हणत. मराठी माणूस कुठेही राहत असो, डुक्कर म्हटले की त्याला उकिरडा आठवतो, नाही तर शिवी आठवते. माझेही तसेच होते. शाकाहारी घरात वाढलेलो. गावाच्या टोकाला डुकरे पाळणाऱ्यांची वस्ती होती आणि तिकडे खेळायला जायचे नाही असा आम्हाला दंडक होता. डुकरांची केंद्रे तपासतो आहे असे मी फोनवर आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "सरकारने तुला मोजायला दुसरे काही दिले नाही का रे?"

पण ईशान्य भारतात डुक्कर ही घरची बँक आहे. मुलाची फी, अचानक आलेले आजारपण, घरातले लग्न, या सर्वांसाठी आधी डुक्कर विकले जाते. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात सुमारे ९० लाख डुकरे मोजली गेली, त्यांतली सुमारे २१ लाख एकट्या आसामातली. राज्याचा देशात पहिला क्रमांक. डुकरांसाठीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र गुवाहाटीजवळ राणी येथे आहे ते याच कारणाने. तेव्हा अनुदान, बँकेचे कर्ज आणि तपासणी या तिन्ही गोष्टी डुकरांच्या वाट्याला येणारच.

ज्या केंद्राबद्दल मी लिहितो आहे त्याचे मालक मूळचे ठेकेदार. त्यांनी सिमेंटची लांबलचक शेड बांधली होती, वर पत्रे, आत दोन्ही बाजूंना कप्पे, आणि माद्यांसाठी बाहेरून मागवलेले लोखंडी क्रेट. अनुदानाचा दुसरा हप्ता माझ्या तपासणीवर अडलेला होता. आमच्याकडे तपासणीचा वीस-बावीस प्रश्नांचा छापील तक्ता होता. शेडचे क्षेत्रफळ किती? पाण्याची सोय आहे का? खाद्य साठवण्याची खोली आहे का? लसीकरणाचे रजिस्टर आहे का? सांडपाण्याची व्यवस्था आहे का? मी सकाळी दहाला गेलो. फरशी धुतलेली होती, रजिस्टरे नवीकोरी होती. सर्व प्रश्नांची उत्तरे "होय" आली. मालकांनी रीतीप्रमाणे तांबूल-पान पुढे केले, मी सही केली, आणि आम्ही निघालो.

माझ्याबरोबर पशुसंवर्धन खात्याचे एक तरुण डॉक्टर होते, गुवाहाटीच्या खानापाडा येथील महाविद्यालयात शिकलेले. गाडी मोठ्या रस्त्याला लागल्यावर ते म्हणाले,

"सार, दुसऱ्या रांगेतल्या चौथ्या डुकरिणीचा खांदा पाहिलात?"

"नाही. काय झाले आहे खांद्याला?"

"काही नाही सार. तक्त्यात खांद्याचा रकाना नाही."

मला राग आला. सही करण्यापूर्वी का नाही सांगितले, असे मी जरा चढ्या आवाजातच विचारले. ते गप्प राहिले, आणि त्यांचे बरोबर होते. मालकांच्या आणि दहा माणसांच्या देखत, उपायुक्त पेनाचे टोपण काढत असतांना, कंत्राटी नेमणुकीवरचा डॉक्टर काय बोलणार? त्या रात्री मी त्यांना घरी बोलावले आणि डुक्कर बरे आहे की नाही हे तुम्ही कसे ठरवता ते मला शिकवा, असे सांगितले.

त्यांनी जे सांगितले त्याचा सारांश असा, की आमचा तक्ता इमारतीची तपासणी करतो, जनावराची करत नाही. पाण्याची तोटी आहे याचा अर्थ डुकराला पाणी मिळते असा होत नाही. शेडचे क्षेत्रफळ पुरेसे आहे म्हणून जनावराला वळता येते असेही नाही. (मुलींच्या वसतिगृहाच्या तपासणीत मीच कित्येकदा "शौचालय आहे: होय" असे लिहिले होते, त्याला कडी आहे का आणि रात्री तिथे दिवा लागतो का, हे विचारायचे मला फार उशिरा सुचले.)

जगात या विषयाचा विचार बराच पुढे गेलेला आहे. इंग्लंडमध्ये १९६४ साली रूथ हॅरिसन या बाईंनी कारखानदारी पशुपालनावर पुस्तक लिहिले आणि इतका गदारोळ झाला की सरकारला ब्रॅम्बेल समिती नेमावी लागली. १९६५ च्या तिच्या अहवालाने अगदी साधी गोष्ट मागितली: जनावराला उठता यावे, बसता यावे, वळता यावे, अंग साफ करता यावे आणि पाय ताणता यावेत. त्यातूनच पुढे भूक-तहान, अस्वस्थता, वेदना-आजार आणि भीती यांपासून मुक्तता, आणि स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक, अशी पाच स्वातंत्र्ये मांडली गेली. २००४ ते २००९ या काळात युरोपात 'वेल्फेअर क्वालिटी' नावाचा मोठा प्रकल्प चालला. त्याने डुकरांच्या तपासणीची जी पद्धत घालून दिली तिचा रोख स्पष्ट आहे: शक्य असेल तिथे सोयी मोजू नका, जनावराकडे पाहा. ते लंगडते का, अंगावर जखमा किती, गुडघ्या-घोट्यांवर सूज आहे का, अंग शेणाने किती माखले आहे, खोकतात किती, धापा टाकतात का, माणूस जवळ आला की काय करतात. तिचा छापील मजकूर डॉक्टरांच्या पिशवीत होता, कोपरे दुमडलेला. त्यांनी तो स्वतःच्या पैशाने छापून घेतला होता आणि आजपर्यंत कोणी त्यांना त्याबद्दल विचारले नव्हते.

तीन आठवड्यांनी आम्ही दोघे पुन्हा गेलो. या वेळी न कळवता, मे महिन्यात, दुपारी एक वाजता. शिपाई, अंगरक्षक आणि मंडळ अधिकारी यांना मी फाटकाबाहेर थांबवले. डॉक्टरांनी माझे बूट जंतुनाशकात बुडवून घेतले. साहेबांचा लवाजमा या केंद्रातून त्या केंद्रात फिरतो तेव्हा रोगही बरोबर फिरतो, असे ते म्हणाले. मालकांनी आत येऊन बोलायला सुरुवात केली तेव्हा डॉक्टरांनी नम्रपणे हात जोडले आणि पाच मिनिटे कोणी बोलू नये अशी विनंती केली.

अधिकाऱ्याला पाच मिनिटे गप्प उभे राहणे किती अवघड जाते हे मला त्या दिवशी कळले. आमची सगळी तपासणी चालता चालता होते, आणि मालक बोलत असतो. गप्प उभे राहिल्यावर प्रथम ऐकू आला तो खोकला, मग शिंका. डॉक्टर वहीत रेघा ओढत होते. मग ते मला म्हणाले, "सार, जरा खाली बसा." मी उकिडवा बसलो आणि डोळ्यांतून पाणी आले. उभ्या माणसाचे नाक पाच फुटांवर असते, डुकराचे फूटभरावर; अमोनियाचा खरा मारा तिथे असतो. पाहुण्यांना जो वास "जरासा" वाटतो त्यात ते जनावर चोवीस तास श्वास घेत असते.

वाढीच्या कप्प्यातली डुकरे शेणात लोळत होती. मी अर्थातच मनात म्हटले, डुकरेच ती. डॉक्टरांनी माझा हा समज तिथल्या तिथे काढला. डुक्कर झोपायची आणि घाण करायची जागा कटाक्षाने वेगळी ठेवते. पण त्याला घाम जवळजवळ येत नाही. अंग थंड करायला चिखल किंवा पाणी लागते, आणि ते नसेल तर ते ओल्या शेणात लोळते. म्हणजे माखलेले अंग ही त्याच्या स्वभावाची खूण नसून एक तर जागा कमी आहे किंवा उकाडा असह्य आहे याची खूण आहे. आमच्या तक्त्यात "स्वच्छता" या रकान्यात सकाळी धुतलेली फरशी दिसत होती. दुपारी एक वाजताचे डुक्कर दिसत नव्हते.

शेपट्या अर्ध्यावर कापलेल्या होत्या. मालक म्हणाले, एकमेकांच्या शेपट्या चावतात म्हणून कापतो. डुकराचे नाक हे उकरण्यासाठी आहे. दिवसाचा मोठा भाग ते माती उकरण्यात घालवते. उघड्या सिमेंटवर उकरायला काही नाही, तेव्हा शेजाऱ्याची शेपटी हीच काय ती हलणारी वस्तू उरते. "शेपटी कापली की शेपटीचा प्रश्न सुटतो, सार," डॉक्टर म्हणाले, "चावण्याचा सुटत नाही." ज्या जिल्ह्यात भाताचा पेंढा शेतात जाळत होते, तिथे त्या शेडमध्ये मूठभर पेंढा नव्हता. मग ते एका कप्प्यात उतरले आणि नुसते उभे राहिले. सगळी डुकरे पाठ फिरवून कोपऱ्यात एकमेकांवर चढली आणि तशीच राहिली. त्यांनी वहीत काहीतरी लिहिले. इथे माणूस आत येतो तो मारायला किंवा टोचायला, दुसऱ्या कशासाठी नाही, एवढे मला न सांगता कळले.

शेवटी ती चौथी डुकरीण. क्रेट दोन फूट रुंद आणि सात फूट लांब. तिला उठता येत होते, बसता येत होते, वळता येत नव्हते. डुकरिणीची गर्भावस्था ११४ दिवसांची. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असा पाळणाऱ्यांचा हिशेब असतो. एवढे दिवस एकाच दिशेला तोंड करून. व्यालेली होती, दूध पाजून सुकली होती, आणि कठीण फरशीवर एकाच कुशीवर पडून खांद्याच्या हाडावर तळहाताएवढा व्रण झाला होता. तोंडात काही नसतांना ती चघळत होती, मध्येच समोरची सळई चावत होती. डॉक्टरांनी पाण्याच्या निपलखाली मग धरला आणि मला घड्याळ लावायला सांगितले. पाजणाऱ्या डुकरिणीला दिवसाला वीस-तीस लिटर पाणी लागते. निपलमधून मिनिटाला दोनेक लिटर तरी यायला हवे. मिनिटभरात मगाचा तळ जेमतेम झाकला गेला. ती रांगेत शेवटून दुसरी होती आणि पाइप टोकाला जाईपर्यंत दाब उरत नव्हता. "पाण्याची सोय: होय." खाली माझी सही.

मालक वाईट माणूस नव्हते हे मला इथे लिहिले पाहिजे. ते म्हणाले, "सार, मादी दीड-दोनशे किलोची, पिल्लू किलो-सव्वा किलोचे. मोकळी सोडली तर बसतांना चिरडते. मेलेल्या पिल्लांवर बँक हप्ता माफ करत नाही." हे खोटे नाही. क्रेट निघाला तोच त्यासाठी. पण विण्याच्या वेळचे थोडे दिवस आणि संपूर्ण गर्भावस्था यांत फरक आहे. ब्रिटनने गाभण माद्यांचे असे कोंडणे १९९९ मध्ये बंद केले. युरोपीय संघात १ जानेवारी २०१३ पासून, म्हणजे आमच्या तपासणीच्या जेमतेम काही महिने आधी, पहिले चार आठवडे आणि विण्यापूर्वीचा आठवडा सोडता माद्यांना गटात मोकळे ठेवणे बंधनकारक झाले होते. तिथून बाहेर पडणारी कल्पना आमच्याकडे मात्र "आधुनिक" म्हणून अनुदानाला पात्र ठरत होती. विण्याच्या कप्प्यात भिंतीपासून वीतभर अंतरावर लोखंडी नळ्या बसवल्या तर पिल्लांना निसटायला जागा राहते, हेही डॉक्टरांनी मालकांना चित्र काढून दाखवले.

कायदा होताच. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ मध्ये जनावराला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. तो आजही तेवढाच आहे. अनुदानाचा हप्ता लाखांत आणि दंड पन्नास रुपये. तेव्हा धाक होता तो फक्त माझ्या सहीचा, आणि ती मी देऊन बसलो होतो.

मी फाईल परत मागवली. "यापूर्वीची तपासणी अपुऱ्या निरीक्षणावर आधारित होती" असे स्वतःविरुद्ध टिपण लिहिले. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले, आणि या दोन दिवसांत मी त्याचे चार सौम्य पर्याय लिहून फाडले होते हे कबूल करतो. हप्ता थांबला. वरून फोन आला. डुकरांसाठी एका स्थानिक उद्योजकाला अडवणे शोभते का, असे विचारण्यात आले. मी सांगितले की पाइप बदलायला दोन दिवस लागतात, हप्ता तिसऱ्या दिवशी सुटेल. पाइप खरोखरच दोन दिवसांत बदलला. पेंढा आला, नळ्या बसल्या, गाभण माद्यांसाठी दोन कप्पे मोकळे झाले. अर्धे क्रेट राहिले, त्यांच्यावर मी आणखी ताणले नाही. ती चौथी डुकरीण तोपर्यंत विकली गेली होती.

डॉक्टरांच्या मदतीने मी एका पानाची पुरवणी तयार केली, जनावराकडे पाहून भरायची. निपलचा एक मिनिटाचा प्रवाह मोजा. खाली बसून वास घ्या. लंगडणारी मोजा. आत उभे राहा आणि डुकरे जवळ येतात की पळतात ते लिहा. अधिकाऱ्यांत ती चेष्टेचा विषय झाली. डुकराची मर्जी काय लिहायची, असे एकाने बैठकीत विचारले आणि सर्व हसले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूच्या प्रकरणात निकाल देतांना ती पाच स्वातंत्र्ये आपल्या कायद्याच्या कलम ३ आणि ११ मध्ये अंतर्भूत असल्याचे म्हटले, तेव्हा मी निकालाची प्रत उत्साहाने सर्वांना पाठवली. त्याच वर्षी माझी बदली झाली. पुरवणी कुठल्या कपाटात आहे मला माहीत नाही. पुढे अनेक राज्यांनी गाभण माद्यांच्या क्रेटवर बंदी घालणारे आदेश काढले. त्यांची अंमलबजावणी कोण, किती वाजता आणि किती मिनिटे उभा राहून तपासतो, हा माझा प्रश्न तसाच आहे.

ती पुरवणी आम्ही आणखी एका ठिकाणी वापरून पाहिली होती. एका बोडो गावात एक विधवा बाई एकच डुकरीण पाळत. वय पन्नाशीचे, मी त्यांना तिकडच्या रीतीने बाइदेउ म्हणत असे, म्हणजे ताई. त्यांचा गोठा म्हणजे बांबूचा, जमिनीपासून हातभर उंच मचाण. आमच्या छापील तक्त्यात त्या जवळजवळ प्रत्येक रकान्यात नापास होत्या: शेड नाही, रजिस्टर नाही, खाद्याची खोली नाही. खाद्य म्हणजे भाताचा कोंडा, केळीच्या खोडाचे तुकडे, घरच्या तांदळाच्या मद्याचा चोथा आणि शिजवलेले अळू. (आपल्या अळूच्या फतफत्यावर तिथे डुकरे पोसतात, हे मी आईला कधी सांगितले नाही.) पण डुकरीण धष्टपुष्ट होती. अंगावर व्रण नाही, पाय निकोप, शेपटी वर गुंडाळलेली. दुपारी ती सुटी असे आणि परसातले डबके तिचेच होते. डॉक्टर आत उभे राहिले तेव्हा ती सरळ त्यांच्याकडे आली आणि नाकाने त्यांचा बूट हुंगू लागली. भीतीच्या रकान्यात पूर्ण गुण.

घरगुती पाळणे म्हणजे सर्व छान, असे मी म्हणत नाही. त्याच गावात भात उभा असतांना डुकरे महिनोन्महिने आखूड दोरीला बांधलेली असत, खच्चीकरण वस्तऱ्याने होई, आणि बाजाराच्या दिवशी पाय बांधून सायकलीच्या कॅरिअरवर उलटी टाकलेली डुकरे मी स्वतः पाहिली आहेत. तरी त्या एका मचाणापाशी डॉक्टरांनी वही मिटली आणि हसून म्हटले, "सार, हिच्याबद्दल लिहा समाधानकारक."

२०२० मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर भारतात प्रथमच आला, आणि आला तो आसाम व अरुणाचल प्रदेशात. त्यावर औषध नाही, आणि देण्याजोगी लसही तेव्हा नव्हती. रोग सापडलेल्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतली सर्व डुकरे मारायची असा नियम. सप्टेंबरमध्ये राज्य शासनाने सुमारे बारा हजार डुकरे मारण्याचा निर्णय घेतला. मी तेव्हा दिसपूरला होतो आणि देखरेखीसाठी मला जुन्या जिल्ह्यात पाठवले गेले. नकाशावर वर्तुळे काढली होती. बाइदेउंचे गाव एका वर्तुळाच्या कडेला, पण आतल्या बाजूला होते.

ती पहिली डुकरीण अर्थातच नव्हती, तिची नात की पणती असावी. मचाण तेच, डबके तेच. बाइदेउ मला ओळखून म्हणाल्या, "सार, हिला काही झालेले नाही. तुम्हीच बघा ना, तुम्हाला बघता येते." मी पाहिले. पाय निकोप, श्वास शांत, अंगावर एक डाग नाही, शेपटी वर. मी त्यांना रोगाबद्दल, अंतराबद्दल आणि वजनाच्या टप्प्यांप्रमाणे मिळणाऱ्या भरपाईबद्दल सांगितले. त्यांनी मान हलवली आणि घरात गेल्या.

पांढऱ्या पोशाखातली चार माणसे परसात आली. शेजारच्या घरांत त्यांना फार त्रास झाला होता. डुकरे किंचाळत होती, जाळे टाकावे लागत होते. इथे त्यांनी जाळे उघडायला घेतले. तेवढ्यात ती डुकरीण डबक्यातून उठली, सरळ त्यांच्याकडे चालत आली आणि पुढच्या माणसाचा बूट हुंगू लागली.